चित्रकाराच्या नावाचे रोप

वनस्पतींचा संग्रह करायला सांगितला की मुले काय करतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पाने-फुले ठेवायची, वर घरातला सर्वांत जाड शब्दकोश ठेवायचा आणि आठ-दहा दिवसांनी कागदासारखे वाळलेले पान वहीत चिकटवायचे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने कुंडीतले एक छोटे रोप असेच दाबून ठेवले. गुलाबाच्या फुलासारखी एकात एक गुंफलेली, जाड, निळसर-हिरवी पाने असलेले हे रोप हल्ली रोपवाटिकांत ‘सक्युलंट’ म्हणून हमखास मिळते. तीन आठवड्यांनी घडी उघडली, तेव्हा शेजारची जास्वंद आणि अडुळसा वाळून गेले होते. हे रोप मात्र जिवंत होते. निम्मी पाने गळून पडली होती, कागदाला बुरशी आली होती आणि गळालेल्या दोन पानांच्या देठाशी गुलाबी मुळे फुटली होती! ती बिचारी हिरमुसली. आम्हाला मात्र या फसलेल्या संग्रहातून एक गोष्ट आठवली. या रोपाला एचेव्हेरिया हे नाव कसे मिळाले, त्याची ही गोष्ट.

आधी ते वाळले का नाही, ते पाहू. एचेव्हेरिया ही आपल्या पानफुटीच्या कुळातली वनस्पती. पानांत पाण्याचा साठा, वर मेणासारखा थर आणि भर दिवसा बंद राहणारी पर्णरंध्रे, अशी हिची तयारी असते. बहुतेक झाडे दिवसा रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. तेव्हा पाण्याची वाफही बाहेर जाते. या कुळातल्या पुष्कळ वनस्पती हे काम रात्री करतात. रात्री घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि सकाळी रंध्रे मिटून त्याच साठ्यातून उन्हात अन्न तयार करतात. म्हणून पहाटे या पानांचा रस आंबट असतो आणि सायंकाळपर्यंत तो आंबटपणा जातो. ही गोष्ट नेमकेपणाने नोंदवली गेली ती भारतातल्या पानफुटीवरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाईन यांनी १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने ती कळवली. हाईन यांनी पान चाखून पाहिले होते. आपण चाखू नये, कारण पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. पहाटे आणि दुपारी चारला पान ठेचून त्याच्या रसात सामू दाखवणारी कागदी पट्टी बुडवली, तरी वर्गात फरक दाखवता येतो.

पाणी इतके धरून ठेवणारे रोप कागदात दाबले, तरी ते आठवडेच्या आठवडे मरत नाही. मरते तेव्हा सडून मरते. पानांची गुंफण, त्यांची जाडी, वरचा पिठूळ निळा रंग यांतले काहीच उरत नाही. संग्रहालयातले लोक त्यावर उपाय करतात. रोप क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून आधी मारतात आणि पाने चिरून मग दाबतात. तरीही हाती लागते ते एक तपकिरी चिपाड! मग दूरच्या डोंगरात सापडलेले असे रोप ज्यांनी ते कधी पाहिले नाही त्यांना दाखवायचे कसे? छायाचित्रे निघण्यापूर्वी याला एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे चित्र.

ऑग्युस्तँ द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे फार लवकर उमगले होते. १७९९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पॅरिसमध्ये मांसल वनस्पतींवरचा एक सचित्र ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यातली चित्रे पिएर-जोसेफ रदुते यांची होती. गुलाबांच्या चित्रांसाठी पुढे जगभर गाजले ते हेच रदुते. पण ही रोपे पॅरिसच्या बागांत जिवंत होती. चित्रकाराने समोर बसायचे आणि काढायचे. मेक्सिकोच्या डोंगरात ही सोय कुठली?

तिथे निराळीच माणसे काम करत होती. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या आज्ञेने १७८७ मध्ये ‘नव-स्पेन’ची, म्हणजे आजचा मेक्सिको आणि आसपासच्या मुलखाची, वनस्पती-पाहणी सुरू झाली. ती १८०३ पर्यंत चालली. प्रमुख होते मार्तिन दे सेसे हे स्पॅनिश वैद्य. १७९० मध्ये होसे मारियानो मोसिन्यो तिच्यात सामील झाले. तेही वैद्य, पण जन्म मेक्सिकोतलाच. चित्रे काढण्यासाठी मेक्सिको शहरातल्या सान कार्लोस कला अकादमीचे दोन तरुण विद्यार्थी घेतले होते, एक व्हिसेंते दे ला सेर्दा आणि दुसरे आतानासियो एचेव्हेरिया. वसाहतीत घडलेल्या या पोरांकडे माद्रिदमध्ये कुणी फार अपेक्षेने पाहिले असेल, असे आम्हाला वाटत नाही. पण पुढे आलेक्झांडर फोन हुम्बोल्ट मेक्सिकोत आले, तेव्हा त्यांनी एचेव्हेरिया यांचे काम युरोपातल्या उत्तम कामाच्या तोडीचे ठरवले.

या चित्रकारांचे काम बैठे नव्हते. मोहीम जाईल तिथे, खेचरांच्या पाठीवर रंग आणि कागद लादून, त्यांनाही जावे लागे. १७९२ मध्ये मोसिन्यो आणि एचेव्हेरिया थेट उत्तरेला, आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नूटका खाडीपर्यंत गेले. तिथल्या झाडा-पक्ष्यांची आणि माणसांचीही चित्रे काढली गेली. मोहीम संपेपर्यंत सुमारे दोन हजार चित्रे जमली होती.

१८०३ मध्ये सेसे आणि मोसिन्यो हा सारा ऐवज घेऊन स्पेनला पोहोचले. पण ज्या राजाने त्यांना धाडले तो १७८८ मध्येच वारला होता. नव्या दरबाराला ग्रंथ छापण्याची घाई नव्हती. १८०८ मध्ये सेसे वारले. त्याच वर्षी नेपोलियनच्या फौजांनी स्पेन बळकावला. मोसिन्यो यांनी फ्रेंच राजवटीत माद्रिदच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे काम सांभाळले. साहजिकच १८१२ मध्ये फ्रेंच माघार घेऊ लागले, तेव्हा ते देशद्रोही ठरले आणि त्यांना पळावे लागले. वाळलेले नमुने माद्रिदलाच राहिले. चित्रे आणि हस्तलिखिते मात्र त्यांनी सोबत घेतली. फ्रान्समध्ये माँपेलिए इथे त्यांची गाठ पडली ती तिथे प्राध्यापक असलेल्या द कांदोल यांच्याशी.

मांसल वनस्पतींच्या चित्रांसाठी वर्षानुवर्षे खपलेल्या या माणसापुढे ती चित्रे उघडली गेली, तेव्हा त्याला काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. मोसिन्यो थकले होते. त्यांनी चित्रे द कांदोल यांच्या हवाली केली. १८१६ मध्ये द कांदोल आपल्या गावी, जिनिव्हाला परतले, तेव्हा ती चित्रेही जिनिव्हाला गेली.

आणि १८१७ मध्ये मोसिन्यो यांचे पत्र आले. स्पेनला परतायची परवानगी मिळाली होती, चित्रे परत हवी होती.

द कांदोल यांच्या हाती अवघे आठ-दहा दिवस होते. शेकडो वनस्पती अशा होत्या, की त्यांचा युरोपात दुसरा पुरावा मिळणे कठीण होते. त्यांनी गावालाच मदत मागितली. जिनिव्हातले व्यावसायिक चित्रकार, हौशी मंडळी, आणि त्यांत पुष्कळशा स्त्रिया, अशी शंभराहून अधिक माणसे कामाला लागली. दहा दिवसांच्या आत सुमारे हजार चित्रांच्या नकला तयार झाल्या! नकलांचा दर्जा अर्थातच सारखा नाही. काही हात सराईत होते, काही नव्हते. पण फूल, पान, फळ ओळखू येते, आणि शास्त्राला तेवढे पुरेसे होते. जिनिव्हाच्या संग्रहात हे बाड आजही आहे. ‘जिनिव्हाच्या स्त्रियांची फ्लोरा’ या नावाने ते ओळखले जाते. ज्यांच्या दोन प्रती होत्या अशी काही मूळ चित्रे मोसिन्यो यांनी द कांदोल यांना ठेवूनही घेऊ दिली.

या चित्रांच्या आणि नकलांच्या आधारे द कांदोल यांनी आपल्या महाग्रंथात कित्येक नव्या जातींची वर्णने छापली. त्यांनी श्रेय लपवले नाही. अनेक नावांपुढे सेसे आणि मोसिन्यो यांचा उल्लेख आहे. १८२८ मध्ये पानफुटीच्या कुळातली एक नवी प्रजाती त्यांनी वेगळी केली आणि तिला चित्रकाराचे नाव दिले, एचेव्हेरिया. (मूळ आडनावात ‘र’चे द्वित्त आहे. लॅटिनमध्ये नेताना त्यातला एक गळाला!) राजे, सरदार आणि देणगीदार यांची नावे झाडांना देण्याच्या त्या काळात हा मान एका पगारी चित्रकाराला मिळाला, आणि तोही अशा वनस्पतीच्या रूपाने, जी चित्रावाचून नीट दाखवताच येत नाही. हा योग आम्हाला फार उचित वाटतो.

मोसिन्यो यांना यातले काही पाहता आले नाही. १८२० मध्ये बार्सिलोनात त्यांचे निधन झाले. मूळ चित्रे दिसेनाशी झाली. त्यांच्या आणि सेसे यांच्या हस्तलिखितांचे छपाईकाम मेक्सिकोत सुरू व्हायला १८८७ साल उजाडले. चित्रांचा पत्ता मात्र लागेना. दीडशेहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ जिनिव्हाच्या त्या घाईत केलेल्या नकलांवरच भिस्त ठेवून होते. अखेर बार्सिलोनातल्या एका कुटुंबाच्या खासगी ग्रंथसंग्रहात ती निघाली. १८१७ मध्ये गेली होती तशीच, सुमारे दोन हजार! १९८१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या हंट संस्थेने ती विकत घेतली. मग कुठे नकल आणि अस्सल शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले.

एचेव्हेरियाच्या दीडशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, बहुतेक मेक्सिकोच्या. द कांदोल यांनी १८२८ मध्ये वर्णिलेली गिबिफ्लोरा ही त्यांतली एक थोराड जात. तिच्या एका प्रकाराचा संकर जर्मनीत १९३०च्या दशकात घडवला गेला. जांभळट-गुलाबी पानांचा ‘पर्ल फोन न्यूरेंबर्ग’ तो हाच. आपल्याकडच्या रोपवाटिकांतही तो मिळतो, बहुधा नावाच्या चिठ्ठीशिवाय.

शाळेत ही रोपे ठेवायची, तर त्यांचे मूळ घर डोळ्यांपुढे आणावे. उंच डोंगर, कातळाच्या कपारी, भरपूर ऊन, थंड रात्री. पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्यातला, पण पाणी क्षणभरही न थांबणारे. म्हणून कुंडी उथळ आणि भोकाची घ्यावी. मातीत निम्म्याहून अधिक जाडी वाळू आणि विटांचा चुरा घालावा. माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नये आणि ते पानांच्या गाभ्यात साचू देऊ नये. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात हवी. उजेड कमी पडला, तर गुंफण सुटून रोप लांबुडके होते. पानांवरची पिठूळ पूड बोटांनी पुसू नये, ती उन्हापासूनचे कवच आहे. पांढरा कापूस दिसला, तर मात्र तो पिठ्या ढेकूण समजून काडीने काढावा. पुणे-नाशिककडे ही रोपे बरी तगतात. कोकणात आणि मुंबईत उकाड्याच्या दमट रात्री त्यांना सोसत नाहीत, कारण त्यांचे श्वासाचे काम रात्रीचे.

त्या विद्यार्थिनीने मुळे फुटलेली ती दोन पाने वाळूवर नुसती ठेवली. एक सडले. दुसऱ्याच्या देठाशी महिनाभरात वाटाण्याएवढी गुंफण दिसू लागली. आता ती दर शनिवारी पट्टीने पाने मोजून त्याचे चित्र काढते. संग्रहाच्या वहीत त्या पानावर वाळलेला नमुना नाही, अकरा चित्रे आहेत.