आठवणींचं केंद्र मेंदूत कसं घडतं? डॉ. शुभा टोले यांचं संशोधन

गर्भातल्या मेंदूत कोणत्या पेशीनं काय व्हायचं, हे कोण ठरवतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) डॉ. शुभा टोले याच प्रश्नाचा शोध घेत आल्या आहेत.

१९६७ मध्ये मुंबईत जन्म, सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण, अमेरिकेतील कॅलटेकमधून पीएच.डी., पुढं शिकागो विद्यापीठात संशोधन. १९९९ मध्ये त्या भारतात परतल्या आणि टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या.

आठवणी साठवण्यात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग महत्त्वाचा. शेजारच्या पेशींच्या एका पट्टीकडून संदेश आला, की तो घडू लागतो. उंदरांच्या गर्भातील काही पेशींत 'एलएचएक्स-२' हे जनुक बंद केलं, तर त्या पेशी स्वतःच संदेश देऊ लागतात आणि त्यांच्या आजूबाजूला जादा हिप्पोकॅम्पस तयार होतो. २००८ मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये आलं. २०१० मध्ये त्यांना भटनागर, तर २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आपल्याकडं बायोलॉजी म्हटलं की फक्त 'नीट' आठवते. पण बेळगाव-निपाणीच्या बीएस्सीच्या मुलामुलींसाठी हीसुद्धा वाट आहे. बंगळूरचं एनसीबीएस हे टीआयएफआरचंच केंद्र. तिथं पीएच.डी. करणाऱ्यांना दरमहा विद्यावेतनही मिळतं.