खोटी पाटी

शाळेत दुसरे महायुद्ध शिकवताना मी फळ्यावर तारखांची माळ लावत असे. १ सप्टेंबर १९३९, ७ डिसेंबर १९४१, ६ जून १९४४... मुले पाठ करत आणि पेपरात लिहून मोकळी होत. त्या माळेत २२ ऑक्टोबर १९४३ कधीच नव्हती. ती असण्याचे कारणही नव्हते, कारण त्या दिवशीची गोष्ट जगाला कळली ती १९८१ साली!

मित्रहो, नकाशात कॅनडाच्या ईशान्येला लॅब्राडोर शोधा. त्याच्या अगदी उत्तर टोकाला टॉर्नगाट पर्वत आहेत. तिथल्या इन्युइट लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ आत्म्यांची जागा. झाड नाही, घर नाही. नुसते खडक, धुके आणि गारठलेला समुद्र. अशा ठिकाणी, मार्टिन उपसागरात, 'यू-५३७' ही जर्मन पाणबुडी येऊन थांबली. कप्तान होते पीटर श्रेवे. सोबत डॉ. कुर्ट सोमरमायर नावाचे शास्त्रज्ञ.

पाणबुडीत शास्त्रज्ञाचे काय काम? तर हवामान! त्या अक्षांशांवर हवा साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. आज अमेरिकेकडे असलेले वादळ काही दिवसांनी युरोपच्या दारात येते. दोस्त राष्ट्रांना ही खबर आयती मिळे, जर्मनीला नाही. म्हणून माणसावाचून चालणारे हवामान केंद्र शत्रूच्याच किनाऱ्यावर नेऊन ठेवायचे ठरले.

वाटेत वादळाने पाणबुडीची विमानविरोधी तोफ ओढून नेली होती. गळती लागली होती, बुडी मारणे शक्य नव्हते. वरून एखादे विमान गेले असते तर सगळे संपले असते. तरी खलाशांनी प्रत्येकी सुमारे १०० किलोची दहा नळकांडी रबरी होड्यांतून किनाऱ्यावर नेली, टेकडीवर चढवली, १० मीटर उंचीची अँटेना उभी केली. दर तीन तासांनी तापमान, दाब आणि वारा यांची माहिती आपोआप प्रक्षेपित व्हायची होती. सुमारे २८ तासांत काम उरकून पाणबुडी निघून गेली.

जाताना त्यांनी तिथे अमेरिकन सिगारेटची रिकामी पाकिटे टाकली. नळकांड्यावर इंग्रजीत नाव रंगवले होते, 'कॅनेडियन मीटिऑर सर्व्हिस'. गंमत बघा, अशी संस्था अस्तित्वातच नव्हती. आणि लॅब्राडोर तेव्हा कॅनडात नव्हतेच! ते न्यूफाउंडलंडचे, आणि न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले १९४९ साली. परीक्षेत मी या उत्तराला शून्य दिले असते.

पण पाटी चालली. केंद्र थोड्याच काळात मुके झाले, तरी खोटे मात्र टिकले. १९७७ मध्ये पीटर जॉन्सन या भूरूपशास्त्रज्ञाने ते अवशेष पाहिले, आणि कॅनडाच्याच लष्कराचे असतील असे समजून तो पुढे गेला. पुढे फ्रांझ सेलिंगर हा निवृत्त जर्मन इंजिनिअर हवामान केंद्रांचा इतिहास लिहीत होता. सोमरमायर यांच्या कागदपत्रांत त्याला एका अनोळखी किनाऱ्याचे फोटो सापडले. त्याने पाणबुडीची रोजनिशी शोधली आणि कॅनडाचे लष्करी इतिहासकार अॅलेक डग्लस यांना पत्र लिहिले. १९८१ मध्ये दोघे तटरक्षक दलासोबत तिथे गेले आणि मोडतोड झालेली नळकांडी मिळाली. आज ती ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहेत.

आणि ते खलाशी? नोव्हेंबर १९४४ मध्ये जावाच्या समुद्रात 'फ्लाउंडर' या अमेरिकन पाणबुडीने 'यू-५३७' बुडवली. आतले सर्व ५८ जण गेले. सांगायला त्यांच्यातला कोणी उरला नाही. ते ज्या बाजूने लढले ती वाईटच होती. पण गारठलेल्या हातांनी वजने वाहणारी ती पोरे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मी आयुष्यभर पुस्तकात छापलेले तेच इतिहास म्हणून शिकवले. छापील अक्षरावर माझा फार विश्वास! इथे मात्र लिहिलेली पाटीच खोटी निघाली, आणि ती खोटी ठरवली तीही लिहिलेल्याच रोजनिशीने. म्हणजे वाचायचे तर आहेच, फक्त एकच पाटी वाचून थांबायचे नाही. वर्गात हे सांगायचे राहून गेले, म्हणून इथे सांगितले.

असो.