जुन्या मोटारीची ठिणगी

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या वेगाचें आणि डौलाचें वर्णन करितात. परंतु पेट्रोलच्या वाफेला नेमक्या क्षणीं पेटविणारी जी ठिणगी, तिची कथा सांगण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः पहिल्या यंत्रकारांना याच प्रश्नानें सर्वांत अधिक छळलें. १८८८ सालीं बेर्था बेंझ या बाईंनीं मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत नवऱ्याची गाडी हांकीत नेली, तेव्हां ठिणगीच्या तारेचें वेष्टण झिजल्यामुळें त्यांना आपल्या मोज्याचा बंद सोडून तो तारेस गुंडाळावा लागला, असें सांगतात. ठिणगी सुधारण्याकरितां गाडीच्या मूळ भागांत हात घालण्याची परंपरा येथूनच सुरू झाली असें म्हणण्यास आम्हांस हरकत वाटत नाहीं.

पुढें जर्मनींत बॉशच्या कारखान्यांत होनोल्ड यानें १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला; आणि अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची जी जुळणी केली ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीवर आली. या दुसऱ्या जुळणीनें पुढें साठ वर्षें राज्य केलें. पॉइंट म्हणजे एकमेकांस टेकलेलीं धातूचीं दोन लहान मुखें. त्यांच्यावाटे कॉइलमध्यें प्रवाह खेळत असतो. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावरील कॅम त्यांना फांकवितो, प्रवाह तुटतो, आणि कॉइलमधील चुंबकत्व एकाएकीं ओसरल्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. शेजारीं कंडेन्सर नसेल तर ती ठिणगी प्लगांत उडण्याऐवजीं पॉइंटांतच उडून जाईल.

ही योजना किती ताणली जाऊं शकते, हें पाहावयाचें असेल तर जॅग्वारच्या ई-टाइप गाडीकडे पाहावें. १९६१ च्या मार्चमध्यें ती जिनिव्हा येथें प्रकट झाली. ३.८ लिटरचें सहा सिलिंडरांचें यंत्र, आणि कर्त्यांच्या म्हणण्याप्रमाणें २६५ अश्वशक्ति. असें यंत्र मिनिटास ५५०० फेरे करूं लागलें म्हणजे सेकंदास २७५ ठिणग्या लागतात. आणि त्या साऱ्या एका पॉइंटाच्या जोडीनें, सुमारें ०.०१५ इंच फटीच्या उघडझांपीनें, पुरवावयाच्या! वेग अति झाला कीं पॉइंट उड्या मारूं लागतात. कॉइलला भरावयास वेळ पुरत नाहीं. शिवाय कॅमवर घासणारी टांच झिजली कीं फट कमी होते व ठिणगी उशिरां पडूं लागते. मालकाला वाटतें, गाडी म्हातारी झाली.

१९७१ सालीं त्याच ई-टाइपला बारा सिलिंडर आले. ६००० फेऱ्यांस सेकंदास ६०० ठिणग्या पॉइंटांच्या एका जोडीकडून निघणें अशक्यच होतें. सबब ल्यूकस कंपनीनें पॉइंट काढून ‘ओपस’ हें इलेक्ट्रॉनिक यंत्र बसविलें. तें वेगाला पुरलें. पण बारा सिलिंडरांच्या यंत्राची उष्णता त्याला मानवत नाहीं, ही तक्रार मात्र पुढें वर्षानुवर्षें ऐकूं येत राहिली.

सांप्रत जुन्या सहा सिलिंडरी गाडींत जो भाग बसवितात तो याहून साधा आहे. पॉइंटांच्या जागीं एक लहान पेटी, आणि कॅमवर चुंबकांचें कडें. १८७९ सालीं एडविन हॉल यानें जो विद्युत्‌परिणाम शोधून काढला त्याच्या आधारें ती पेटी चुंबकाची चाहूल घेते. वरचें झांकण लाविलें कीं बाहेरून कांहीं दिसत नाहीं. मात्र एक खोच आहे. ३.८ लिटरच्या गाडींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे, १९६४ सालीं आलेल्या ४.२ लिटरच्या गाडींत ऋण टोंक. एकीसाठीं केलेली पेटी दुसरींत बसविली तर ती जळून जाण्याचा पूर्ण संभव असतो.

यानें शक्ति वाढते काय? जाहिराती होय म्हणतात. आमचें मत असें कीं, नवीन शक्ति निर्माण होत नाहीं. झिजल्यामुळें गेलेली तेवढी परत येते, आणि ती टिकते. परंतु डिस्ट्रिब्यूटरचा दांडाच बुशांत खिळखिळा झाला असेल, किंवा फेऱ्यांबरोबर ठिणगी पुढें सरकविणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या असतील, तर नवी पेटी काय करणार? ती चुकीच्या वेळीं तितक्याच निष्ठेनें ठिणगी पाडील. म्हणून आधीं दांडा, स्प्रिंगा, झांकण, रोटर आणि तारा पाहाव्या, व मगच पेटीकडे वळावें. पॉइंट तसेच ठेवून केवळ जोरदार कॉइल बसविणारे तर ते पॉइंटच जाळून घेतात.

राहतां राहिला अस्सलपणाचा वाद. मूळ पॉइंट काढले कीं गाडी बाटली, असें मानणाऱ्यांची आम्ही थट्टा करणार नाहीं. पॉइंट बहुधा सूचना देऊन बिघडतात. मुंबईच्या फियाट टॅक्सीवाल्यांस ते रस्त्याच्या कडेला पॉलिश-कागदानें घासून पुन्हां चालते करतां येत असत. पेटी गेली कीं ती गेली. पण आज मिळणारे नवे कंडेन्सर पुष्कळदां इतके हलके निघतात कीं अस्सलपणाच्या हट्टापायीं घाटांत अडकण्याची पाळी येते. आम्ही पेटीच्या बाजूचे आहों. मात्र कांहींही कापूं नये, कांहींही भोंक पाडूं नये, आणि जुळवून तपासलेली पॉइंटांची जुनी जोडी, जुन्या कंडेन्सरासह, फडक्यांत बांधून हत्यारांच्या पेटींत ठेवावी.