याजक कोण? पंडिता रमाबाई आणि एक मराठी शब्द

मार्टिन लूथरने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक मनुष्य याजकच असतो, असे प्रतिपादन केले. पोप आणि बिशप वरच्या दर्जाचे व चांभार, लोहार, शेतकरी खालच्या, ही विभागणी त्याला अमान्य होती. भेद असलाच तर तो नेमून दिलेल्या कामाचा, दर्जाचा नव्हे. या सिद्धान्ताचा उल्लेख मराठीत ‘सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकत्व’ असा करता येतो. ख्रिस्ती परिभाषा म्हणून वाचक तो वाचतो आणि पुढे जातो. आम्हांला मात्र ‘याजक’ या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते.

धर्मशास्त्राने ब्राह्मणाची षट्कर्मे सांगितली आहेत : अध्ययन, अध्यापन, यजन, याजन, दान आणि प्रतिग्रह. यांपैकी यजन, म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करणे, क्षत्रिय-वैश्यांनाही मोकळे होते. याजन, म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ चालविणे, हा अधिकार एकट्या ब्राह्मणाचा. शूद्रांचा आणि स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात बली अर्पण करणाऱ्यासाठी मराठी बायबलात हाच शब्द आला. परिणामी ‘सारे विश्वासणारे याजक’ हे विधान मराठीत उच्चारताच ते केवळ रोमच्या विरोधात राहत नाही, मनुस्मृतीच्याही विरोधात जाते. हे भाषांतरकारांच्या मनात होते की नाही, हा वेगळा प्रश्न. शब्द आपला इतिहास सोबत घेऊन येतात.

हा इतिहास ज्यांच्या अंगावरून गेला होता अशी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगून पोट भरीत हिंडले. पौरोहित्याची सत्ता काय असते, हे रमाबाईंनी आतून पाहिले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लवकरच त्यांना दुसरी सत्ता भेटली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे येताच हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी आक्षेप घेतला. आपण मायदेशी पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली आहेत, हे रमाबाईंनी शांतपणे निदर्शनास आणले. पुढे १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना कळविले, की स्वदेशीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्यापेक्षा या नवदीक्षित बाईने बाप्तिस्म्याचा अर्थ अधिक गंभीरपणे घेतला होता, असे आमचे मत आहे. ही पत्रे आमच्या अभ्यासक्रमांत क्वचितच डोकावतात, हे दुर्दैव.

आम्ही जेथे शिकवतो त्या खामगावशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. जलंबहून १८७० साली रेल्वेचा फाटा आलेल्या या कापसाच्या पेठेत, तसेच अकोल्यात, अमेरिकन अलायन्स मिशनची ठाणी होती. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये उभारलेली ही चळवळ दीक्षित पाळकांवर अवलंबून नव्हती. दीक्षा नसलेले स्त्रीपुरुष तिचे कार्यकर्ते होते. वऱ्हाडात काम केलेल्या याच मिशनच्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले; त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे. म्हणजे वऱ्हाडी वाचकालाही हा विषय परका नाही.

रमाबाईंच्या याजकत्वाचा खरा पुरावा मात्र आम्हांला त्यांच्या भाषांतरात दिसतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी अल्पशिक्षित बायांना पेलत नाही आणि तिच्यातून जुने तात्त्विक अर्थ आत शिरतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांची स्वतःची भाषा ठिकठिकाणी खडबडीत आहे, मुळाला चिकटून राहण्याच्या हट्टाने वाक्ये अवघडतात. वाङ्मयीन गुणांत ती लक्ष्मीबाई टिळकांच्या जवळपासही जात नाही. शिवाय मुक्तीत अखेरचा शब्द रमाबाईंचाच असे, ही विसंगतीही नाकारता येत नाही. पण ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार येथे एका स्त्रीने कोणाची परवानगी न मागता घेतला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. त्याचे खिळे जुळविणे आणि छपाई मुक्तीच्याच स्त्रियांनी केली, आणि त्यांत विधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या.