पुढे चाल

लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये पंचाशी भांडण होणार, हे गृहीतच धरलेलं असतं. म्हणून 'लिटल लीग'च्या नियमपुस्तकात भांडणाचीही सोय करून ठेवली आहे. चेंडू स्ट्राइक होता की बॉल, धावणारा आउट की सेफ, हे पंचाने बघायचं आणि ठरवायचं. त्यावर तक्रार चालत नाही. पण पंचाने नियमाचा अर्थच चुकीचा लावला, किंवा समोरच्या संघात अपात्र खेळाडू उतरवला गेला, तर मात्र रीतसर हरकत घेता येते. मला ही विभागणी आवडते. बघण्यातली चूक पोटात घालायची, वाचण्यातली नाही. (आपल्या गल्लीत ज्याची बॅट त्याचा नियम, त्यामुळे आपल्याला ही जरा चैनच वाटेल.)

पण नियम वाचणारा पंच नसून खुद्द संघटनाच असेल तर? तेव्हा हरकत कुणाकडे घ्यायची? १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात, अकरा-बारा वर्षांच्या काही मुलांवर ही वेळ आली.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिटल लीग १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट या गावात कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केली. बारा वर्षांपर्यंतची मुलं, लहान मैदान, नवाऐवजी सहा डाव. तिच्या नियमांत खेळाडूच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. दक्षिणेत तशी गरजही नव्हती म्हणा. तिथे शाळा, बागा, बसमधल्या जागा, सगळंच गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं होतं. शाळांमधली ही फाळणी घटनाबाह्य आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९५४ साली दिला होता आणि दक्षिणेतलं वातावरण त्यावरून तापलेलं होतं.

चार्ल्सटनमध्ये काळ्या वस्तीसाठी कॅनन स्ट्रीट वायएमसीए होती. तिचे अध्यक्ष रॉबर्ट मॉरिसन यांनी तिथल्या मुलांसाठी लिटल लीगची अधिकृत मान्यता मिळवली होती. १९५५ मध्ये त्यांनी निवडक मुलांचा संघ शहराच्या स्पर्धेत उतरवला. अर्ज भरला, कागद पूर्ण, वय बरोबर. नियमात कुठेही खोट नव्हती.

गोरे संघ स्पर्धेतून निघून गेले. कॅनन स्ट्रीटला पुढे चाल मिळाली, म्हणजे न खेळताच ते शहराचे विजेते झाले. मग राज्यस्पर्धा. लिटल लीगचे राज्यप्रमुख डॅनी जोन्स यांनी फक्त गोऱ्यांसाठी वेगळी स्पर्धा भरवण्याची परवानगी मागितली. लिटल लीगचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी ती नाकारली, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्या काळात दक्षिणेतल्या एका अख्ख्या राज्याला नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्यावर राज्यातले सगळे गोरे संघ बाहेर पडले. पुन्हा पुढे चाल. कॅनन स्ट्रीटची मुलं आता राज्यविजेती, तीही एकही चेंडू न टाकता.

पुढचा टप्पा होता जॉर्जियातल्या रोम शहरात, विभागीय स्पर्धेचा. तो जिंकला की थेट विल्यम्सपोर्टची वर्ल्ड सिरीज. आणि इथे नियमपुस्तक उघडलं गेलं. हा संघ मैदानावर जिंकून आलेला नाही, नुसत्या पुढे चालीवर आला आहे, म्हणून तो पात्र नाही, असा निर्णय झाला.

या निर्णयापाशी मी बराच वेळ थांबतो. शब्दशः पाहिलं तर त्यात वर्णाचा उल्लेखही नाही, कुणीही सही करावी इतका तो स्वच्छ दिसतो. पण त्याचा हिशेब मांडून बघा. जो संघ मैदानावर येत नाही तो हरतो, हा पुढे चालीचा मूळ अर्थ. शिक्षा गैरहजर राहणाऱ्याला. चार्ल्सटनमध्ये तीच शिक्षा हजर राहिलेल्या मुलांना झाली. ज्यांनी पाठ फिरवली त्यांना काळ्या मुलांना रोखायचंच होतं, आणि नियमाच्या या वाचनाने त्यांचं ते काम करून दिलं. सगळ्यांनी मिळून खेळायला नकार दिला तर काय, हा विचार नियम लिहिणाऱ्याने केलाच नसणार. असं कोडं पडलं की वाचणाऱ्याला निवड करावी लागते. 'नियमच तसा आहे' म्हणणं हीसुद्धा एक निवडच.

पुढे चालीचा निकाल कच्चा असतो, असंही म्हणता येत नाही. १९९२ ची वर्ल्ड सिरीज घ्या. फिलिपिन्सच्या झांबोआंगा शहराच्या संघाने कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचला अंतिम सामन्यात १५-४ ने धुतलं. नंतर कळलं की त्या संघातले काही खेळाडू नेमून दिलेल्या हद्दीबाहेरचे होते. विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि निकाल ६-० असा लाँग बीचच्या बाजूने नोंदवला गेला. सहा डावांच्या सहा धावा, निव्वळ कागदावरच्या. लाँग बीच आधीचे सामने खेळून तिथवर आलं होतं, हा फरक आहेच. तरीही कागदावरच्या निकालाने जगज्जेता ठरू शकतो, हे त्यातून दिसतं.

मॅकगव्हर्न यांनी चार्ल्सटनच्या मुलांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला बोलावलं. मुलं बसने गेली. त्यांना मैदानावर सरावाला उतरू दिलं आणि प्रेक्षकांतून आरोळी उठली, त्यांना खेळू द्या! सराव संपल्यावर मुलं स्टँडमध्ये जाऊन बसली आणि दुसऱ्यांचे सामने बघत राहिली. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाचंच मॉरिसव्हिल जिंकलं. त्याच ऑगस्टच्या २८ तारखेला मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. या मुलांपेक्षा तो दोन-तीन वर्षांनीच मोठा होता. डॅनी जोन्स यांनी लिटल लीग सोडून गोऱ्या मुलांची वेगळी संघटना काढली, जी पुढे 'डिक्सी यूथ बेसबॉल' म्हणून दक्षिणभर पसरली.

वेगळं काही घडूच शकत नव्हतं का? त्याच महिन्यात, दुसऱ्या एका दक्षिणी राज्यात, फ्लोरिडात, पेन्साकोला जेसीज हा काळ्या मुलांचा संघ असाच पुढे चालीवर राज्यस्पर्धेपर्यंत पोचला होता. तिथे ऑर्लँडो किवानिसच्या गोऱ्या मुलांनी आपसात मत घेतलं आणि खेळायचं ठरवलं. ९ ऑगस्टला सामना झाला. पेन्साकोला ५-० ने हरलं, आणि बाहेर पडलं ते हरून.

२००२ मध्ये लिटल लीगने कॅनन स्ट्रीटच्या खेळाडूंना पुन्हा विल्यम्सपोर्टला बोलावून १९५५ च्या साउथ कॅरोलायना राज्यविजेतेपदाचा झेंडा दिला. मुलं तोवर साठीला टेकली होती.