1898 चा कायदा हातात घेऊन आनंदवन वाचताना

संस्थांना सल्ला देणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हल्ली तीन गोष्टी हमखास एकत्र दिसतात. नव्या संस्थेला उभं राहायला मदत, कर्मचाऱ्यांचा कामातला सहभाग आणि समुदायाची सुरक्षितता, म्हणजे ज्याला तिकडे 'सेफगार्डिंग' म्हणतात ते. सामाजिक कार्य, व्यवस्थापन किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांतून पीएचडीकडे वळणारे बरेच जण याच शब्दांवर सिनॉप्सिस लिहितात. तुम्हीही त्यांतले असाल, तर हे शब्द जेव्हा नव्हते पण काम मात्र चालू होतं, अशी एखादी जागा आधी नीट बघा असं मी म्हणेन. आपल्याकडे ती जागा वरोऱ्याला आहे. आणि तिथे जाताना बाबा आमट्यांचं चरित्र हातात घेण्याआधी एक कायदा घ्या: लेपर्स ॲक्ट, 1898.

या कायद्यातल्या दोन तरतुदी महत्त्वाच्या. पहिली व्याख्येची. 'पॉपर लेपर' म्हणजे निर्धन कुष्ठरोगी कोण? जो उघड्यावर भीक मागतो किंवा जखमा दाखवत फिरतो तो, आणि उपजीविकेचं काही उघड साधन नसताना जो मोकळा फिरतो तो. अशा माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत होते. कायद्याचा रोख नुसत्या आजारावर नव्हता, आजारी असून कामाशिवाय असण्यावर होता, हे लक्षात घ्या. ज्याच्या पाठीशी पैसा किंवा घर होतं, तो या व्याख्येत बसतच नव्हता.

दुसरी तरतूद कलम 9 ची. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात कुष्ठरोग्याने काय करायचं नाही, याची ती यादी आहे. खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधं किंवा कपडे विकायचे नाहीत. मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरायचं नाही, अंघोळ करायची नाही, धुणं धुवायचं नाही. रेल्वे सोडून भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसायचं नाही. सरकार सांगेल ते धंदे करायचे नाहीत. म्हणजे बघा, एका कलमाने सांगितलं की उपजीविका नसेल तर पकडू, आणि दुसऱ्याने उपजीविकेच्या निम्म्या वाटा बंद केल्या. इथे सुरक्षितता कुणाची, तर समाजाची. कुणापासून, तर आजारी माणसापासून.

आता हीच यादी बाजूला ठेवून आनंदवनाची पहिली काही वर्षं वाचा. 1949 मध्ये वरोऱ्यात महारोगी सेवा समिती नोंदली गेली. मुरलीधर देवीदास आमटे हे हिंगणघाटचे, पेशाने वकील, वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाच्या उपचारांचं शिक्षण घेऊन ते परतले. सरकारकडून 50 एकर खडकाळ जमीन मिळाली आणि जून 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली. सहा रुग्ण, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि 14 रुपये, ही कथा तुम्हाला पाठ असेलच.

तिथलं पहिलं मोठं काम होतं विहीर खोदण्याचं. मग भाजीपाला, धान्य, दूध. पुढे हातमाग, म्हणजे कापड. पुढे छापखाना आणि पत्र्याचे डबे. पाणी, अन्न, कपडा, धंदा. कलम 9 ची यादी समोर ठेवून कुणी एकेक ओळ खोडत जावी, तसा हा क्रम दिसतो. कुणी ठरवून तसं केलं असा दावा मी करत नाही, पोट भरायचं तर याच गोष्टी लागतात. मुद्दा वेगळा आहे. समाजाला ज्या ज्या ठिकाणी कुष्ठरोग्याच्या हाताची भीती होती, नेमक्या त्याच ठिकाणी इथे तो हात कामाला लागला. उपजीविकेचं साधन असलेला माणूस कायद्याच्या व्याख्येतूनही बाहेर पडतो. काम हेच इथे संरक्षण होतं. बाबांच्या श्रमाच्या आग्रहाकडे आपण नेहमी गांधीवादी मूल्य म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण त्याला ही कायद्याची बाजूही आहे, आणि ती फार कमी लिखाणात येते.

अर्थात पिकवणं सोपं, विकणं अवघड. वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची भाजी आणि दूध घ्यायला सुरुवातीला कुणी तयार नव्हतं. मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक सेवाग्रामकडून इथे आले. त्यांनी रुग्णांबरोबर बांधकाम केलं, तिथेच राहिले, तिथलंच पिकलेलं खाल्लं. त्यानंतर गावचा बहिष्कार सैल पडत गेला. सायन्सच्या माणसाला इथे थांबावंसं वाटतं, कारण या घटनेचं स्पष्टीकरण एकच नाही. 'ते खातात आणि त्यांना काही होत नाही' हा पुरावा लोकांनी मानला का? की गोऱ्या पाहुण्यांची प्रतिष्ठा त्या भाजीला चिकटली? की मधल्या काळात डॅप्सोनमुळे रुग्णांच्या जखमाच कमी दिसू लागल्या? तीन कारणं एकाच वेळी चालू आहेत आणि तुलनेला दुसरं गाव नाही. प्रबंधात 'यामुळे गैरसमज दूर झाला' असं एका वाक्यात उरकलंत, तर चांगला परीक्षक तुम्हाला तिथेच धरणार.

तुलनाच हवी असेल तर ती मात्र जवळ आहे, वर्धा–बल्लारशा रेल्वेमार्गावर काही स्टेशनं अलीकडे. त्याच 1951 साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय वर्ध्याला आलं. डॉ. रा. वि. वारदेकरांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली: गावोगाव जायचं, रुग्ण शोधायचे, त्यांच्या घरीच त्यांना डॅप्सोन द्यायचं, वसाहत करायचीच नाही. म्हणजे एकाच वर्षी, एकाच मुलखात दोन उलट उत्तरं तयार झाली. वर्ध्याचं म्हणणं, माणसाला घरातून उठवू नका. वरोऱ्याचं म्हणणं, ज्याला घराने आधीच उठवलंय त्याच्यासाठी नवं गाव वसवा. माझ्या मते ही एकमेकांना खोडणारी उत्तरं नाहीत, ती आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या माणसांसाठी आहेत. पण आपल्याकडे यातली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात गेली आणि दुसरी वैद्यकीय नियतकालिकांत राहिली. दोन्ही समोरासमोर ठेवणारा अभ्यास कुणी तरी करायला हवा. विषय शोधत असाल तर हा घ्या.

आनंदवन हे एकट्या माणसाचं धाडस होतं, या समजुतीलाही याच मुलखाचा नकाशा उत्तर देतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्येच कुष्ठधाम सुरू केलं होतं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं. नवी संस्था उभी राहते तेव्हा तिच्याभोवती अनुभवी संस्थांचं असं एक जाळं असावं लागतं. आजच्या भाषेत ज्याला 'इन्क्युबेशन' म्हणतात, ते त्या काळी ओळखीने, पत्रांनी आणि एकमेकांकडे राहून येण्याने होत असे. फी कुणी घेत नव्हतं, आणि अहवालही कुणी लिहून ठेवत नव्हतं. त्यामुळेच ते शोधायला कठीण जातं.

आता कर्मचाऱ्यांच्या सहभागाकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. आनंदवनात बरे झालेले रुग्णच विभाग सांभाळू लागले, नव्याने आलेल्यांना शिकवू लागले. वरवर पाहता सहभागाचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पण अल्बर्ट हर्शमनचं 1970 चं 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' वाचलंत की एक प्रश्न टोचायला लागतो. नाराज माणूस संस्था सोडतो किंवा आवाज उठवतो. दोन्ही वाटा असताना तो निष्ठेने राहिला, तर त्या निष्ठेला अर्थ. ज्याला घराने टाकलंय, गावात विहिरीवर येऊ दिलं जात नाही, त्याच्याकडे सोडून जाण्याची वाट नाहीच. मग त्याची निष्ठा कशी मोजायची? गॉफमनने 1961 च्या 'असायलम्स'मध्ये वर्णन केलेल्या बंदिस्त संस्थांपेक्षा आनंदवन वेगळं होतं हे मला पटतं, कारण इथली माणसं बाजाराशी व्यवहार करत होती, संसार करत होती, जबाबदारीच्या पदांवर होती. पण 'पटतं' हा पुरावा नव्हे. संस्थेच्या स्मरणिकांत समाधानी माणसंच भेटतात. जे निघून गेले, ज्यांनी भांडण केलं, जे परत गावी जाऊन पाहून पुन्हा आले, त्यांच्या नोंदी कुठे आहेत हे विचारणं म्हणजे संस्थेवर शंका घेणं नाही. आजच्या एखाद्या कंपनीत 'आमचे 90 टक्के कर्मचारी खूश आहेत' असं सर्वेक्षण दाखवतात, तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा असतो: सोडून गेलेल्यांना विचारलं का?

आणखी एक गोष्ट आहे, जी समाजशास्त्रवाल्यांच्या नजरेतून हमखास सुटते. कुष्ठरोगाचा जंतू नसांवर हल्ला करतो. हातापायांची संवेदना जाते, म्हणून फावड्याच्या दांड्याने फोड आला तरी कळत नाही, चुलीवरचं भांडं भाजतंय हे कळत नाही. बोटं झडतात ती रोगाने नव्हे, बऱ्याच अंशी या न कळलेल्या जखमांनी, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवायला सुरुवात केली. म्हणजे जे काम या माणसांना समाजापासून वाचवत होतं, तेच त्यांच्या हातांना धोक्याचं होतं. तेव्हा सेफगार्डिंगचा अभ्यास करायचाच, तर अवजारांच्या मुठी कशा होत्या, चपलांना मऊ रबराचा तळ कधी आला, रोज संध्याकाळी हातपाय तपासायची पद्धत होती का, इथून करा. धोरणाचा कागद शेवटी बघा. संस्थेला माणसाची काळजी किती आहे ते चपलेत दिसतं.

पुढच्या संस्थांचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. 1957 मध्ये नागपूरजवळ अशोकवन, 1967 मध्ये मूलजवळ सोमनाथ, आणि 23 डिसेंबर 1973 ला भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प. यातलं हेमलकसा नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथे आनंदवनाची पद्धत जशीच्या तशी लागू होत नव्हती. आनंदवनात माणसं टाकून दिलेली होती, म्हणून ती आली. माडिया लोकांना कुणी टाकलेलं नव्हतं. ती आपापल्या गावात, आपल्या भाषेत राहत होती, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरकडे जायचं त्यांना काही कारण नव्हतं. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. आनंदवनाने नव्या संस्थेला पैसा, नाव आणि माणसं दिली. विश्वास मात्र देता आला नाही, तो तिथेच कमवावा लागला. नव्या संस्थांना आधार देणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने हा फरक वहीत लिहून ठेवावा. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाल्यावर 1986 मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' सुरू केली. नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग त्यांनी 39 गावांत केला आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली. वरोऱ्याच्या भाजीच्या गोष्टीत जे नव्हतं, ते इथे आलं.

कायद्याचं काय झालं, हे राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये बहुऔषधोपचार सुचवला, आणि आजार महिन्यांच्या हिशेबात बरा होऊ लागला. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं सरकारने जाहीर केलं. 1898 चा कायदा मात्र 2016 पर्यंत केंद्राच्या पुस्तकात होता. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून पाच वैयक्तिक कायद्यांतून निघालं ते 2019 मध्ये. औषध आणि कायदा यांच्यात 35 वर्षांहून जास्त अंतर! 'समुदायाची सुरक्षितता' या शब्दाचा अर्थ दवाखान्यात बदलला तेव्हा न्यायालयात बदलला नव्हता.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, जिने तुमचे दोन-तीन आठवडे वाचतील. 1951 मध्ये वरोरा महाराष्ट्रात नव्हतं. ते तेव्हाच्या मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर, आणि जिल्ह्याचं नाव चांदा. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. त्यामुळे जमीन देण्याचे कागद, अनुदानाचे ठराव, 1898 च्या कायद्याखालच्या स्थानिक अधिसूचना शोधताना मुंबईच्या सूचीत 'चंद्रपूर' टाइप करून बसू नका. नागपूरपासून सुरुवात करा, 'चांदा' बघा, इंग्रजी सूचीत त्याची स्पेलिंगं बदलून बघा, आणि 'कुष्ठरोग' सापडलं नाही तर 'महारोग' बघा. त्या काळच्या कागदांत तोच शब्द आहे, समितीच्या नावातही तोच राहिलाय.