पायाच्या नसांचा त्रास डोळ्यात दिसतो? कॉर्नियल कॉन्फोकल मायक्रोस्कोपी म्हणजे काय?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरात शुगरची गोळी घेणारं कुणीतरी आहेच. आज मी अशा एका तंत्रज्ञानाची माहिती देणार आहे, जे डोळ्याचा फोटो काढून पायाच्या नसांबद्दल अंदाज देतं. चला, समजून घेऊया.

नसांना काय होतं?

नसा म्हणजे इथे रक्तवाहिन्या नव्हेत, तर मज्जातंतू. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ते खराब होतात. त्रास बहुतेक वेळा तळपायापासून सुरू होतो: मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. पुढे चप्पल लागली, खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी पाय कापण्यापर्यंत वेळ येते.

नेहमीची तपासणी कुठे कमी पडते?

नर्व्ह कंडक्शन टेस्ट जाड मज्जातंतू तपासते. पण वेदना आणि थंड-गरम ओळखणारे बारीक तंतू अनेकदा आधीच खराब झालेले असतात. ते पाहायचे तर त्वचेचा साधारण ३ मिलिमीटरचा तुकडा काढावा लागतो.

मग डोळाच का?

डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, अशाच बारीक तंतूंनी गच्च भरलेला असतो. पारदर्शक असल्यामुळे काही न कापता ते दिसतात. डायबिटीस सगळ्या शरीरावर परिणाम करतो, त्यामुळे पायातले तंतू कमी होतात तसे इथलेही कमी होतात. प्रा. रयाझ मलिक आणि मँचेस्टरच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं.

मशीन काम कसं करतं?

मोबाईलचा पोर्ट्रेट मोड मागचं दृश्य सॉफ्टवेअरने धूसर करतो. इथे उलट आहे: फोकसबाहेरचा प्रकाश एका बारीक छिद्रापाशीच अडवला जातो, त्यामुळे हव्या त्या थराचाच स्पष्ट फोटो मिळतो. डोळा बधिर करणारे थेंब टाकतात, जेल लावतात आणि काही मिनिटांत काम होतं. एका फोटोत जेमतेम ०.४ बाय ०.४ मिलिमीटर भाग येतो. त्यातल्या तंतूंची संख्या, लांबी आणि फांद्या सॉफ्टवेअर मोजतं. आता हे मोजायला एआयसुद्धा वापरतात.

मला यातली सगळ्यात आशादायक गोष्ट वाटते ती ही: टाईप १ डायबिटीसच्या काही रुग्णांमध्ये स्वादुपिंड प्रत्यारोपणानंतर ६ महिन्यांतच कॉर्नियातले तंतू पुन्हा वाढताना दिसले.

मर्यादा काय आहेत?

मशीन महाग आहे आणि वापरायला सराव लागतो. कोरडे डोळे किंवा लॅसिक ऑपरेशनमुळेही तंतू कमी दिसू शकतात. आणि हो, मोबाईलच्या कॅमेऱ्याने हे होत नाही. फोटोवरून नसांचा रिपोर्ट देतो म्हणणारं ॲप दिसलं तर विश्वास ठेवू नका.

आज आपण काय करू शकतो?

टाईप २ डायबिटीस असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी पायाची तपासणी हवी. डॉक्टर १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, तळव्याला टेकवतात. स्वस्त आणि दोन मिनिटांचं काम. त्याने अगदी सुरुवातीचं नुकसान कळत नाही, पण पाय धोक्यात आहे का ते कळतं. घरी आई-बाबांचे तळपाय रोज बघा. तळवा त्यांना स्वतःला दिसत नसेल, तर मोबाईलने फोटो काढून दाखवा. तेवढं काम आपला कॅमेरा नक्की करतो!